नव्वदचा आकडा

गॅरेजच्या फरशीवर मधोमध एक पिवळी रेघ मारलेली होती आणि ती ओलांडायची कुणाची टाप नव्हती. रेघेच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. सख्खे भाऊ, एका ताटात जेवून वाढलेले, पण आता विळ्याभोपळ्याचं सख्य. थोरला इंजिनं उघडायचा आणि बांधायचा. धाकटा गाडीला लॅपटॉपची वायर लावायचा आणि तिची ताकद वाढवून द्यायचा. मोठा टर्बो बसवायचा, त्याचा दाब चढवायचा. त्या दाबाला हे लोक बूस्ट म्हणतात. इंजिनात जितकी हवा कोंबाल तितकी गाडी पळते, असा साधा हिशोब. थोरला त्याला 'साहेब' म्हणायचा आणि त्या एका शब्दात मावेल तेवढा खवचटपणा कोंबायचा. धाकटा त्याला 'मिस्त्री' म्हणायचा. दादा हा शब्द त्याने केव्हाच टाकून दिला होता.

भांडण कशावरून म्हणाल, तर अहो, भावाभावांच्या भांडणाला कारण लागतं का! पंख्याचं तोंड कुणाकडे, कॉम्प्रेसर कुणी चालू ठेवून गेला, बाथरूमचा नळ कुणी टपकत ठेवला. बाप होता तोवर दोघं एकाच खड्ड्यात उतरून एकाच गाडीखाली काम करायचे. बाप गेला आणि वर्षभरात पिवळा रंग आला.

दोघांशी बोलणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे त्यांची बहीण. तिला घरात सगळे मधली म्हणायचे, कारण ती दोघांच्या मधली. ट्रक चालवायची, ट्रक तिचाच. अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. तिच्या ट्रकवर दोघांचेही हात फिरले होते. धाकट्याने मोठा टर्बो बसवून बूस्ट वाढवलं होतं आणि त्याआधी थोरल्याने इंजिन उघडून नवं हेड गॅस्केट घातलं होतं. आता हे गॅस्केट म्हणजे काय, तर इंजिनाचं धड खाली, डोकं वर, आणि दोघांच्या मधे चिमटीत बसणारा पातळ पत्रा. आग एका बाजूला ठेवायची, पाणी दुसऱ्या बाजूला, एवढंच त्याचं काम. पण ते बिघडलं की सगळंच बिघडलं.

एक दिवस मधली ट्रक घेऊन आली आणि एक पाय रेघेच्या इकडे, एक तिकडे ठेवून उभी राहिली.

"गाडी पाणी पितेय," ती म्हणाली. "रोज टाकीतलं कूलंट खाली जातं. खाली थेंब नाही, पांढरा धूर नाही, तेलातही पाणी नाही. मग जातं कुठे?"

"साहेबांना विचार," थोरला म्हणाला. "त्यांच्या लॅपटॉपला माहीत असेल."

"मिस्त्रीला विचार," धाकटा तिकडून ओरडला. "गॅस्केट त्यांनीच बसवलंय."

"गॅस्केट चोख बसवलंय! तू बूस्ट इतकं चढवून ठेवलंयस की चढावर हेड वर उचलतंय. केसाएवढी फट पडते, जळलेला गॅस पाण्यात घुसतो आणि पाणी तिथेच, रस्त्यावर, झाकणातून बाहेर ढकलतो. बूस्ट उतरलं की फट बंद. म्हणून उभ्या गाडीत काही दिसत नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," धाकटा म्हणाला. "हातात दम नाही, म्हणून माझं बूस्ट वाईट."

थोरल्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याच्या हातातली चिंधी खाली पडली. तो भिंतीकडे गेला. तिथे एका खिळ्याला एकच हत्यार लटकलेलं होतं, बापाचा टॉर्कचा पाना. हा पाना हिशोबाचा असतो. मुठीवरचा आकडा फिरवायचा, तेवढा जोर लागला की पाना टक् करून सांगतो, बास, पुरे. थोरला बोलला, "या पान्याने आवळलंय. बाबांच्या. टक् झाल्याशिवाय एकही नट सोडलेला नाही."

त्या पान्याची एक गोष्ट होती. बाप याच गॅरेजात, काम करता करता, बाकाशेजारी कोसळला. पाना बाकावर पडलेला होता आणि त्याच्या मुठीवर नव्वद हा आकडा होता. एरवी बाप काम झालं की मूठ उलटी फिरवून पाना पार सैल करायचा आणि मगच टांगायचा. "दिवसभर ताणलाय बिचाऱ्याला, आता पाठ टेकू द्या," असं म्हणायचा. त्या दिवशी तेवढं राहूनच गेलं. थोरल्याने तो पाना तसाच, नव्वदवर, खिळ्याला टांगला. काम निघालं की काढायचा, आधी क्षणभर दोन्ही हातांत धरून मान खाली घालायचा, हवा तो आकडा लावून काम करायचा आणि टांगताना पुन्हा मूठ फिरवून नव्वदवर आणायचा. बाबांचा शेवटचा आकडा. त्याला हात लावायची परवानगी सबंध गॅरेजात कुणालाही नव्हती.

"बाबांच्या पान्याची शपथ कशाला घेतोस?" धाकटा म्हणाला. "घोडामैदान जवळच आहे. शोधून काढू."

"काढू की! आणि ज्याची चूक निघेल त्याने शटरची किल्ली बाकावर ठेवायची आणि परत इथे पाऊल टाकायचं नाही. आहे हिंमत?"

"मंजूर."

"मी ऐकलंय हं," मधली म्हणाली. "आणि तोंडातून गेलेला शब्द मी कुणालाही परत गिळू देणार नाही."

शब्द देऊन झाला आणि मग थोरल्याने एकदा गॅरेजभर नजर फिरवली. घर त्याला झोपण्यापुरतं होतं. रांगायला शिकला तो या फरशीवर. मिशी फुटली ती या खड्ड्यात. गॅरेज गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हे त्याला खरोखर माहीत नव्हतं. पण आपण बरोबर आहोत याची त्याला शंभर टक्के खात्री होती, आणि खात्री असलेला माणूस काय वाटेल ते पणाला लावतो.

तपासणी सुरू झाली. थोरल्याने आधी निळं औषध आणलं. कूलंटच्या टाकीवर काचेची नळी धरायची. पाण्यात जळका गॅस असेल तर औषध पिवळं पडतं. पडलं नाही. निळं ते निळंच.

"छान रंग आहे," धाकटा रेघेपलीकडून म्हणाला.

"उभ्या गाडीत नाहीच पडणार, अक्कल आहे का?"

मग थोरल्याने धूर थंड करायचा कूलर काढला, कारण तो फुटला तरी गाडी असंच पाणी पिते. तोंडं बंद करून पाण्याच्या पिंपात बुडवला, हवा भरली. एक बुडबुडा आला नाही. म्हणजे तो निर्दोष. उरली शेवटची जुनी खूण. पाण्यात गॅस घुसला असेल तर रात्रभर थंड होऊनही रेडिएटरची वरची नळी सकाळी फुगलेली, टणक लागते. नुसत्या गरम पाण्याचा दाब असेल तर तो गार होताच उतरतो. म्हणून थोरल्याने ट्रक गॅरेजातच ठेवून घेतला. मधली दिवसा खेपा मारायची, संध्याकाळी आणून लावायची. रोज सकाळी थोरला येऊन नळी दाबायचा आणि रोज नळी मऊ. पिकल्या केळ्यासारखी मऊ!

धाकटा शीळ घालायला लागला. त्याने आपला बाक हलवून कुठे ठेवायचा, याची मापंही घेतली. रेघेच्या अलीकडची मापं, बरं का.

शेवटी एका सकाळी थोरला रोजच्यापेक्षा लवकर आला, शटर अर्धं वर होतं आणि आत मधली ट्रकच्या पुढ्यात वाकून उभी. तिने फडकं घेतलं, कूलंटच्या टाकीचं झाकण पिळलं आणि फिस्स करून आवाज आला.

"थांब! काय केलंस हे?"

"काय म्हणजे? पाणी बघते. गाडी सुरू करायच्या आधी झाकण उघडून पाणी बघायचं, बाबांनीच शिकवलंय. तू येण्याआधी रोज बघते."

"रोज!" थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये, रात्रभराचा दाब तू रोज सकाळी फिस्स करून सोडून देतेस आणि मी मागाहून येऊन मऊ नळ्या दाबत बसतो! पुरावाच उडवतेस तू!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? बाबा म्हणायचे..."

"बाबा म्हणायचे, बाबा म्हणायचे! बाबांच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या. त्यांनी सांगितलं म्हणून डोळे मिटून तेच करत बसायचं का जन्मभर? डोकं दिलंय ना देवाने?"

मधलीने एकदा खिळ्यावरच्या पान्याकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या सकाळी झाकणाला कुणी हात लावला नाही. थोरल्याने नळी दाबली आणि ती दबेना. काकडीसारखी टणक! त्याने तिथूनच आरोळी ठोकली, "या साहेब, या, दाबून बघा!"

धाकटा आला, रेघेवर थांबला, हात लांब करून नळी दाबली. "रबर जुनं झालंय," तो म्हणाला.

असल्या माणसाला काय करावं, सांगा. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडतंच, पण हा सूर्य वर आल्यावरही म्हणणार की कुणीतरी दिवा लावलाय.

मग थोरल्याने शेवटचा उपाय काढला. पाण्याच्या टाकीला दाबाचं घड्याळ जोडलं, त्याची लांब नळी खिडकीतून केबिनमधे आणली आणि घड्याळ काचेला चिकटपट्टीने चिकटवलं, बरोबर धाकट्याच्या बूस्टच्या घड्याळाशेजारी. ट्रकमधे खडी भरलेली होती. मधली स्टिअरिंगवर आणि बाजूच्या एकाच बाकड्यावर दोघं भाऊ, खांद्याला खांदा लावून. किती दिवसांनी एकमेकांना शिवले असतील कोण जाणे. दोघंही अंग असं चोरून बसले होते की मधे तिसरा बसला असता.

खाणीमागचा चढ लागला. इंजिन अजून थंड होतं, पाणी तापलेलंच नव्हतं, म्हणजे गरमीमुळे दाब वाढला म्हणायला जागा नव्हती. मधलीने पाय दाबला. टर्बो किंचाळला, बूस्टचा काटा वर गेला आणि शेजारी पाण्याच्या दाबाचा काटाही वर निघाला. तिने पाय उचलला. बूस्टचा काटा धपकन खाली आला. पाण्याचा काटा जिथे होता तिथेच राहिला. पुन्हा दाबला, पुन्हा थोडा वर. जिना चढावा तसा तो काटा एकेक पायरी वर चाललेला होता.

"बोला साहेब," थोरला म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने फाटला होता. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुमचं बूस्ट, आणि आमचं हेड वर!"

धाकट्याने घड्याळाच्या काचेवर बोट आपटून बघितलं. मग म्हणाला, "हेड उचलतंय. मान्य. पण का उचलतंय ते कुठे कळलंय? हेड धरून ठेवणारे हे स्टड याच बूस्टसाठी बनवलेत. नीट आवळले असतील तर हलायला नको."

"आवळलेत!"

"बघू."

गॅरेजात परतल्यावर, इंजिन निवलं तसं थोरल्याने वरचं झाकण काढलं आणि हेडचे नट उघडे केले. तो सोडायला पाना लावणार तोच धाकट्याने पिवळी रेघ ओलांडली. सरळ ओलांडली, जणू ती नव्हतीच. हातात त्याचा स्वतःचा नवा टॉर्कचा पाना.

"सोडायच्या आधी माझा लावू. किती आवळलेस?"

"सव्वाशे."

धाकट्याने मूठ सव्वाशेवर आणली आणि पहिल्या नटावर पाना चढवून ओढला. नट घट्ट असता तर पाना जागच्या जागी टक् करून थांबला असता. नट फिरला. लोण्यातून फिरावा तसा फिरला आणि बऱ्याच वेळाने टक् झालं. दुसरा फिरला. तिसरा फिरला. धाकटा एकेक नट घेत गेला आणि थोरल्याच्या कानांत रक्त चढत गेलं.

"तुझा पाना खोटा आहे!" तो ओरडला.

"माझा खोटा?" धाकटा हसला. "वा रे वा. चोराच्या उलट्या बोंबा."

"गप्प बसा दोघं," मधली म्हणाली. "कुठला खोटा ते ठरवायचा काही मार्ग आहे का नाही?"

मार्ग होता आणि तो थोरल्यालाच माहीत होता. बापानेच शिकवला होता. पान्याचं तोंड बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आडवं आवळायचं, मुठीला वजन टांगायचं. इतक्या लांबीला इतकं वजन म्हणजे इतका जोर, यात कुणाचं मत चालत नाही. त्याने भंगार तोलायच्या काट्याची लोखंडी मापं आणली आणि हिशोब करून शेगड्याशेजारी एका रांगेत मांडली. आधी धाकट्याचा पाना, सव्वाशेवर. एकेक माप टांगत गेला. शेवटचं माप टांगलं आणि टक्.

मग त्याने खिळ्यावरून बापाचा पाना काढला. दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली, मूठ सव्वाशेवर आणली आणि शेगड्यात आवळला. मापं टांगायला लागला. फरशीवर अजून तीन मापं उरलेली होती आणि पाना टक् म्हणाला, जोर पुरा व्हायच्या आधीच.

त्याने सगळी मापं उतरवून पुन्हा टांगली. पुन्हा तीन उरली. तिसऱ्यांदा टांगायला गेला तेव्हा मधलीने त्याचं मनगट धरलं.

"आतली स्प्रिंग मेलीय," धाकटा म्हणाला. "मरणारच. नव्वदवर ताणून टांगलास वर्षानुवर्षं. याला सैल ठेवायचं असतं, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं."

"तो बाबांचा आकडा आहे," थोरला म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या वेळा निघालं होतं की ते आताही आपोआपच निघालं.

"बाबांचा?" धाकट्याचा चेहरा वाकडा झाला. "बाबांनी जन्मात कधी पाना ताणलेला ठेवला होता का? एकदा तरी? हे तुझ्या डोक्यात कधी आलं नाही? नव्वद माझा होता! त्या सकाळी मी काम करत होतो. बाबा म्हणाले, सैल करून टांग. मी म्हणालो, तुम्हीच करा, मला रोज रोज तेच ऐकायचा कंटाळा आलाय. बाकावर आपटला आणि निघून गेलो. दुपारी परत आलो तर..."

पंखा फिरत होता. मधलीच्या हातात अजून थोरल्याचं मनगट होतं आणि तिने ते सोडलं.

थोरल्याने हातातलं माप फरशीवर ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या माजापुढे मान खाली घालत होतो."

"हो."

"आणि तू त्या रेघेपलीकडून बघत होतास."

"बघत होतो."

"का नाही बोललास रे? का नाही बोललास?"

"तू माझ्या एखाद्या गोष्टीपुढे मान खाली घातलेली मी तेवढीच पाहिली," धाकटा म्हणाला. "म्हटलं, असू दे."

थोरल्याचा हात वर गेला होता. धाकटाही मागे सरला नाही, उलट हनुवटी पुढे करून उभा राहिला. मधली दोघांच्या मधे शिरली. "मारामाऱ्या बाहेर करा! गाडी माझी आहे आणि तिचं डोकं उघडं पडलंय. आधी हेड बसवा. मग काय ते एकमेकांचे जीव घ्या."

हेड उतरवून पुन्हा बसवलं. जुनं गॅस्केट निघालं ते एका कडेला काळं पडलेलं होतं, नवं घातलं. थोरल्याने नट आवळले, धाकट्याच्या पान्याने. धाकटा शेजारी उभा राहून क्रम सांगत होता, थोरल्याला क्रम पाठ होता, तरी त्याने सांगू दिला.

शेवटचा नट टक् झाला. थोरल्याचा अंगठा सवयीने मुठीवर गेला आणि मूठ फिरवायला लागला. सव्वाशे, एकशेदहा, शंभर, नव्वद. नव्वदवर अंगठा अडला. मग त्याने मूठ तशीच पुढे फिरवली, पार शेवटपर्यंत, पाना सैल पडेपर्यंत, आणि तो धाकट्याच्या हातात दिला. खिशातून शटरची किल्ली काढून तीही पुढे केली.

धाकट्याने पाना घेतला. किल्लीसाठी त्याचा हात पुढे आला नाही, म्हणून थोरल्याने ती बाकावर ठेवली.

"अरे, पण याचाही दोष आहेच ना," मधली म्हणाली. "पाना आपटून गेला कोण?"

"आवळलं मी," थोरला म्हणाला. "चूक माझी. शब्द माझा."

बापाचा पाना शेगड्यात तसाच अडकलेला होता. त्याच्याकडे न बघता तो शटरखालून वाकून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात खुर्चीवर नुसता बसून होता. मधलीचा फोन आला.

"काल संध्याकाळी भरली गाडी चढावरून फिरवून आणली. नळी मऊ आहे," ती म्हणाली.

"आधी झाकण उघडलंस?"

"नाही उघडलं. शप्पथ."

"मग बसलंय नीट."

तिकडे कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. त्याने तो कान देऊन ऐकला. बेल्ट सैल झाला होता, कुणीतरी आवळायला हवा होता.

"किल्ली अजून बाकावरच आहे," मधली म्हणाली. "त्याने उचलली नाही. तिच्याभोवतीच काम करतोय मूर्खासारखा."

"उचलेल," थोरला म्हणाला. "बेल्ट आवळ म्हणावं त्याला."

"तूच सांग की."

"मी तिथे असतो कुठे," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.